चार जीबीची कोठी, बत्तीस एमबीची कढई

बाबा लग्नांत स्वयंपाक करायचे आणि आई त्यांच्यासोबत भांडी घासायला जायची. त्यामुळे आमच्या घरात वर्षाचे ऋतू दोनच, मुहूर्त असलेला आणि नसलेला. पहिल्यात सकाळ-संध्याकाळ शिळी जिलबी. दुसऱ्यात चार महिने देव झोपायचे आणि आम्ही खिचडी खायचो, तीही पातळ. बेसनाच्या रिकाम्या पिंपाचं टेबल करून मी बी.एस्सी. झालो. आमच्या कुळात कॉलेज पाहिलेला पहिला मीच. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो.

डिग्रीच्या जोरावर इंदूरजवळच्या आमच्या शहरात, फ्रीगंज बाजारात, टावर चौकाजवळच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे लागलो. सेठजींनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. मुहूर्त पंडिताने काढला, मॉनिटर सेठाणीने पसंत केला. मोठा पडदा, मोठे स्पीकर, वर जरीकाठी मखमलीचं आवरण आणि त्या खोलीत चप्पल बंद. जे गिऱ्हाइकाला दिसतं त्यात काटकसर नाही. रॅम आत असते, दिसत नाही, म्हणून ती बत्तीस एमबी.

पहिलंच काम आलं ते एका बँकवाल्या साहेबांच्या मुलीच्या लग्नाचं. साहेबांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, कॅसेटच्या सुरुवातीचं टायटल तोंडी सांगितलं, "गणपती गोल फिरायला हवा. वरून झेंडू पडून राहिलेत, आणि कलशातून दोन्ही घरांची नावं निघतात. आमचं आधी." शनिवारी मुलगी जावयाबरोबर परगावी निघणार, त्याआधी कॅसेट हवी.

गणपती अर्धा फिरला आणि पाठ करून थिजला. झेंडू हवेतच. मशीन बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा पाठच. सेठजींनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. काम अमावस्येला सुरू केल्याबद्दल मला झापलं.

"सेठजी, रॅम कमी पडून राहिलीय," मी म्हणालो.

"भिया, चार जीबी की डिस्क है, आधी खाली पड़ी है! और मेमोरी काहे को? खाता है क्या?"

मी इंग्रजी शब्द वापरून पंधरा मिनिटं समजावलं. सेठजी म्हणाले, "ग्रॅजुएट हो ना? शनिवार तक गणपती घूम गया तो ठीक, नहीं तो सोमवार से मत आना।"

शुक्रवारी बाबा माझा डबा घेऊन आले. चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले. कॉम्प्युटरच्या खोक्यावरचा लाल दिवा सारखा लुकलुकत होता.

"हा का पिसाळलाय रे?"

"बाबा, झेंडू जास्त झाले. आत ठेवायला जागा नाही, म्हणून मशीन थोडे डिस्कवर नेऊन ठेवतं, मग परत आणतं. दिवसभर तेच."

बाबा सेठजींकडे वळले. "सेठजी, कोठी बड़ी है, कढ़ाई छोटी है। आदमी कोठी में ही दौड़ता रहेगा, बूंदी कब पड़ेगी?"

सेठजींनी मखमलीची जर उगाच सारखी केली. त्यांच्या मुलीच्या लग्नात बाबाच आचारी होते. दुसरी कढई मागितली तेव्हा सेठजी म्हणाले होते, बेसन तो पूरा है, कढ़ाई कौन देखता है? मग वऱ्हाड तासभर रिकाम्या पत्रावळीकडे बघत बसलं. व्याह्यांनी ते अजून सोडलेलं नव्हतं.

"महाराज, वो बात यहाँ मत निकालो," सेठजी हळूच म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "कितनी लगेगी?"

"एकशे अठ्ठावीस."

त्याच दुपारच्या बसने माणूस इंदूरला गेला आणि शनिवारी सकाळी रॅमच्या पट्ट्या आल्या. मी मखमल काढून त्या बसवल्या. गणपतीने पूर्ण फेरा घेतला आणि भाविकांना तोंड दाखवलं. काकूंनी कॅसेट दोनदा पाहिली. "नावं छान आलीत. झेंडू जरा कमी वाटून राहिले." लिंबू-मिरची कुणी काढली नाही. मशीन तिच्यामुळेच सुरू झालं असं सेठाणी अजून सांगते.

बाबांचं सांगणं पंधरा शब्दांचं होतं, माझ्या डिग्रीला तीन वर्षं लागली. तरी ती मी फ्रेम करून लावली आहे, कारण भिंत माझी आहे. सोमवारी मी कामावर गेलो. चार वर्षांनी फ्रीगंजमध्येच स्वतःचं दुकान काढलं आणि मशीन घेताना आधी रॅम घेतली. आता देव झोपले तरी आमच्या घरची खिचडी घट्ट असते.