गवळ्याच्या पोटाले दूध सोसेना

कारंज्याकडच्या आमच्या गवळी घराची रीत हाय. सकाळी गाय पिळताना पहिली धार घरच्या लेकराच्या तोंडात. जळो ती रीत! तिच्यापायी माया नवऱ्यानं, तानबानं, लहानपणी बेदम मार खाल्ला.

दूध पोटात गेलं का त्याचं पोट नगाऱ्यावानी फुगे, मुरडा येई, अन् तो परसाकडं पळे. माये सासरे, नत्थूजी मामाजी, म्हणत, "लबाड! गवळ्याच्या पोटी येऊन दुधाले नाक मुरडते?" अन् गाईच्या दाव्यानं झोडपत. एकदा कानफटात अशी बसली का उजवा कान कायमचा गेला.

लग्न झाल्यावर मीच त्याले वर्ध्याले नेलं. डॉक्टरीणबाई म्हणे, "दुधातली साखर याले पचत नाई. दूध, खवा, दुधाचा चहा बंद. दही-ताक जेवणासंगं थोडं थोडं घेऊन पाहा." एवढंच होतं, अन् एवढ्यासाठी लेकराचा कान फोडला! काळ्या चहावर अन् ताकावर त्याचं पोट निवलं. मामाजी मात्र थुंकले, "डॉक्टर आता गवळ्याले शिकवून राह्यली!"

मंग आठ वर्षांच्या आमच्या वर्षालीचं पोट तसंच फुगायले लागलं. तिचंही दूध बंद केलं. मामाजीले हात जोडून सांगतलं, तिले पाजू नका. पण पालथ्या घड्यावर पाणी!

त्या सकाळी गोठ्यातून किंकाळी आली. आमी दोघं धावलो. मामाजीनं पोरीले गुडघ्याखाली दाबलं होतं. एका हातानं नाक दाबलेलं, दुसऱ्या हातानं दुधाचा लोटा तोंडात कोंबून राह्यले होते. ओठ फाटून दुधात रक्त उतरलं होतं.

तानबानं बापाचं मनगट धरलं अन् पिरगाळलं. कडकन आवाज झाला. मामाजी खाली पडले, तरी हा लाथा घालतच होता. शेवटी मीच ओरडली, "सोडा जी, मरन म्हातारा!" खरं सांगू? मले मनातून बरंच वाटलं होतं.

तानबा थांबला. धापा टाकत त्यानं पोरीचं तोंड पुसायले हात पुढं केला. वर्षाली भिंतीले चिकटली. दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"मारू नका बाबा! पेते मी दूध, सारं पेते!"

तानबा तिथंच शेणात बसला अन् ढसाढसा रडला. "तुले नाई मारत वं माय, तुले नाई," म्हणत राह्यला. पोर काई त्याच्याजवळ गेली नाई.