झाकणाचं भोक

गाडी दुरुस्त करायला बसायचं आणि ती चालू होऊ नये असं मनात धरायचं, हे कुणाला सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील. पण माझं तसंच होतं. आबांची फटफटी मी खोलली ती काही आता चालू होत नाही, या भरवशावरच.

आबा म्हणजे माझे वडील. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. सेनगावकडच्या वाड्या-तांड्यांवर म्हशी-बैलांना लस टोचत त्यांची सगळी नोकरी याच छोट्या दोन-स्ट्रोक गाडीवर गेली. रिटायर झाले आणि गाडी गोठ्यात गेली. तिच्यावर कडबा चढला, हळदीची रिकामी पोती चढली, कोंबड्यांनी सीटवर अंडी घातली. मग मागच्या वर्षी काचबिंदूनं आबांचा उजवा डोळा गेला. डाव्यानं जेमतेम दिसतं. तेव्हापासून ते ओट्यावर बसून राहायचे, कुणाशी धड बोलायचे नाहीत. आणि एक दिवस अचानक म्हणाले, फटफटी बाहेर काढ, मला तांड्यावर जायचंय.

तांड्यावर त्यांचा जुना दोस्त राहतो. त्याचा बैल आबांनी कधीकाळी मरता मरता वाचवला होता, तेव्हापासूनची यारी. मी म्हणालो, मी सोडतो ना माझ्या गाडीवर. तर म्हणाले, मी काय पार्सल आहे का सोडायला?

तांडा चार-पाच किलोमीटरवर. पण मधे हायवे आडवा येतो. तो चौपदरी झाल्यापासून तिथं ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. गावच्या रस्त्यानं जाऊन हायवे ओलांडायचा म्हटलं की गाड्या येतात उजवीकडून, आणि आबांचा नेमका उजवा डोळा गेलेला. एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं होतं. जेवतानाही तेच. आबा हायवेवर उभे आहेत, ट्रक येतोय, आणि ते दुसरीकडंच बघतायत.

बायको म्हणायची, सरळ सांगा की, आबा जाऊ नका. आपल्याच बापाला बोलायला काहून भेता? तिचं बरोबर होतं. पण मी पन्नाशीला आलो, पोरीचं लग्न लावून दिलं, तरी आबांना नाही म्हणायची माझी कधी छाती झाली नाही. लहानपणी त्यांनी नुसतं बघितलं की मी हातातला घास परत ताटात ठेवायचो. तो धाक काही गेला नाही. म्हणून मी पाने-पक्कड घेऊन बसलो. म्हटलं, इतक्या वर्षांची जाम गाडी, चालू होत नसते, पण आबा निदान गुंतून तरी राहतील.

कसलं काय. आबांनी डोळ्यांचं काम बोटांवर घेतलं. किक हलत नव्हती, तर प्लगच्या भोकातून डिझेल ओतायला लावलं आणि तीन दिवस हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी किक खाली गेली. कार्बोरेटरमधलं जुनं पेट्रोल आळून गुळासारखं घट्ट झालं होतं, ते त्यांनी स्वतः सुईनं कोरलं. सायलेन्सर कडब्याच्या जाळात टाकून आतली काजळी जाळली. ठिणगीच्या पॉइंटला कानस मारताना मी जरा जास्त घासलं की आवाजावरूनच म्हणायचे, बस कर. आणि एका सकाळी नवव्या की दहाव्या किकेला ती फटफटली. अंगणभर निळा धूर झाला. आबा हसले, आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी मात्र त्या धुरातून रस्त्याकडं बघत होतो.

पण माझं नशीब म्हणा, गाडी थोडी चालायची आणि मरायची. गावाबाहेर दीड किलोमीटरवर, शाळेच्या भिंतीपाशी. बराच वेळ गेला की परत चालू, आणि तेवढंच चालून परत बंद. आबांनी प्लग बदलला, पेट्रोलचा कॉक खोलला, काही सापडेना. मलाही सापडेना, आणि मला ते सापडायला नको होतं. शेवटी आबाच मागं लागले म्हणून मी ती टेम्पोत घालून हिंगोलीला नेली, एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी ऐकून घेतलं, टाकीच्या झाकणाला चावी लावली आणि झाकण उघडलं. फुस्स करून आवाज आला. झाकणाला एक बारीक भोक असतं, त्यातून टाकीत हवा जाते. त्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. "हवा का रास्ता बंद, तो पेट्रोल नीचे कैसा उतरेगा, मियाँ?" चाचा म्हणाले. तारेनं दोन मिनिटांत माती काढली आणि वर चहा पाजला.

मी गाडी चालवतच घरी आणली. कुठंच बंद पडली नाही. शाळेची भिंत आली तसा मी थांबलो, आणि तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात ते आलं.

आमच्याकडं टाकी गळायला लागली की धुण्याचा साबण घासून लावतात. पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही. घरी आल्यावर मी चिमूटभर साबण मळला आणि झाकणाच्या भोकात दाबून बसवला. आबांना सांगितलं, चाचांनी कार्बोरेटर साफ केला, बघू आता. झाकणाची चावी गाडीच्या चावीहून वेगळी, ती माझ्या खिशात ठेवली. म्हटलं, पेट्रोल मीच भरत जाईन, तुमी कशाला वाकता. दर रविवारी मी टाकी गळ्यापर्यंत भरायचो. आबा जायचे, शाळेच्या भिंतीपाशी गाडी मरायची, मी मागून जाऊन पेट्रोल बघायच्या निमित्तानं झाकण उघडायचो आणि गाडी घरी आणायचो. हायवे तिथून पुढं दीड किलोमीटरवर. जनावराला दावं बांधावं तसं मी बापाला बांधलं होतं, आणि त्यात मला झोप चांगली लागत होती. खोटं कशाला बोलू.

दोन महिने असे गेले. आबा खचायला लागले. रोज काहीतरी खोलायचे, परत जोडायचे. एकदा जेवताना म्हणाले, आता मला आवाज कळत न्हाई वाटतं. ताटावरून हात उचलून बोटांकडं बघत राहिले. बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी भाकरीकडं. तिला मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं मला घरात उभं केलं नसतं.

मग सोयाबीनवर अळी पडली. फवारणीचा पंप काढला तर पेट्रोल संपलेलं. पंपाला ऑइल मिसळलेलं पेट्रोल लागतं आणि फटफटीलाही तेच. सेनगावला कोण जातं म्हणून मी आदल्या संध्याकाळी फटफटीच्या टाकीत नळी घातली आणि निम्मं पेट्रोल काढून घेतलं. झाकण परत लावलं, साबण जागेवर आहे ना ते अंगठ्यानं दाबून बघितलं, चावी खिशात. एवढी काळजी घेणारा मी.

सकाळी पंप पाठीवर घेऊन फवारायला लागलो, अर्धा तास झाला असेल. आमचं रान गावच्या रस्त्याला लागूनच, शाळा आणि हायवे यांच्या मधे, हायवेच्या बाजूला. पंपाच्या घरघरीतून मला फटफटीचा आवाज आला. मी पंप बंद केला. आवाज शाळेपाशी आला. मी वाट बघितली. आता मरेल, आता मरेल. ती मेली नाही. रस्त्यावरून आबा माझ्यासमोरून गेले, ताठ बसलेले, धोतराचा सोगा खोचलेला, तोंडावर असं समाधान की मला हाक मारायचंही सुचलं नाही.

आणि मग एकदम समजलं. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते, म्हणून गाडी लगेच मरायची. निम्मी टाकी रिकामी केली की आत हवा भरपूर. ती पुरते. ती आणखी दीड किलोमीटर पुरते. दाव्याची लांबी मीच वाढवून ठेवली होती, आणि दावं बरोबर हायवेवर संपत होतं.

मी पळालो. पाठीवर औषधाचा पंप तसाच, पट्टे सोडायचंही भान नाही. ढेकळांत दोनदा पडलो. पळताना कानात एकच होतं, तो आवाज. बंद पडू नको, बंद पडू नको असं मी म्हणत होतो. दोन महिने ज्या गाडीनं बंद पडावं म्हणून धडपडलो, तिलाच. हायवेच्या अलीकडच्या वळणापाशी पोचलो आणि आवाज थांबला.

आबा हायवेच्या अलीकडच्या पट्ट्यात मधोमध उभे होते. एक पाय टेकलेला, दुसऱ्या पायानं किक मारत होते. उजवीकडून ट्रक येत होता, आबांचं तोंड समोर तांड्याकडं. मी ओरडलो असेन, पण तोंडातून आवाज फुटला का ते मला आजही आठवत नाही. हॉर्न वाजला. आबांनी गाडी सोडली नाही. ब्रेकचा असा काही आवाज झाला की मी डोळे मिटून घेतले. बापाकडं बघायचीही हिंमत नव्हती माझ्यात.

उघडले तेव्हा ट्रक आडवा उभा होता आणि आबांच्या आरशापासून हातभर जागा होती. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देत होता. मी त्याच्या पाया पडलो. मग गाडी ढकलत कडेला आणली. मला स्टँड लावता येईना, तो आबांनी लावला.

"पुढं न्हाई जाऊन राहिली," ते म्हणाले. "बघ बरं, पेट्रोल आहे का."

त्यांच्यासमोर मी खिशातून चावी काढली. दुसरं काय करणार होतो? झाकण उघडलं आणि फुस्स आवाज आला. आबांची मान माझ्याकडं वळली. त्यांनी हात पुढं केला, मी झाकण दिलं. त्यांनी ते उलटं करून बोटानं चाचपलं, नखानं भोकातलं उकरलं आणि नाकाशी नेलं. आमच्या घरातल्या धुण्याच्या साबणाचा वास मला उभ्या जागी येत होता.

त्यांनी बोट धोतराला पुसलं. ते मारतील म्हणून मी वाट बघत होतो, खरंच. मारलं असतं तर बरं झालं असतं. आता गाडी चालू झाली असती, पण आबांनी किक मारली नाही; आम्ही दोघं ती ढकलत घरी आलो. आबांनी बाभळीचा काटा घेऊन भोक नीट साफ केलं, फुंकून बघितलं, झाकण लावलं. मग ओट्यावर बसले आणि म्हणाले,

"जाऊ नका म्हणला असतास, तर मी भांडलो असतो. चार दिवस जेवलो नसतो. पण थांबलो असतो." त्यांनी हात मांडीवर उलटे केले. "मला वाटलं, माझे हात गेले."

मी त्यांच्या पायाशी बसून रडलो. बायको दारात उभी होती, तिला तेव्हा सगळं समजलं. ती पाठ फिरवून आत गेली.

आता फटफटी ओट्याला लागून उभी असते. एका किकेत चालू होते, कुठंही बंद पडत नाही, दर रविवारी मीच फिरवून आणतो. गाडीची आणि झाकणाची, दोन्ही चाव्या आबांच्या हाताला येईल अशा खिळ्याला टांगल्या आहेत. तांड्यावर जायचं असेल तर मी मागं बसतो, गाडी तुमी चालवा, हायवेवर उजवीकडचं मी बघतो, असं मी त्यांना तीनदा म्हणालो. बघू, म्हणतात. रोज सकाळी उठलो की मी पहिल्यांदा त्या खिळ्याकडं बघतो. पूर्वी चाव्या तिथं नसतील याची भीती वाटली असती. आता त्या रोज तिथंच असतात, आणि तेच बघवत नाही.