सोमवारी पाडलेल्या भिंती

जुनी घरे उतरवणे हा माझा आयुष्यभराचा धंदा. बिदरबाहेर, कोळारच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा अड्डा होता. उतरवलेल्या घरांचे सागवान, चौकटी आणि दगड तेथे विकले जात. गुडघे गेल्यावर मी तो बंद केला. हे आधी सांगणे आवश्यक आहे. एरवी माझ्या वयाच्या माणसाने एका व्हिडिओ गेमवर संतापावे, यात वाचकाला काही अर्थ दिसणार नाही.

तो खेळ पाडण्याचाच आहे. परका लाल ग्रह, त्यावर खाणी, खाणींवर राज्य करणारी फौज आणि तिच्याविरुद्ध उठलेला एक खाणकामगार. त्याच्या हातात घण. माळ सगळा मोकळा. वाटेल त्या दिशेला जावे, वाटेल ती इमारत पाडावी. मुलगा कॉलेजात होता तेव्हा मी एका घराच्या तुळईवरून पडलो आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. त्या काळात त्याने हा खेळ माझ्या हातात दिला होता. मला तो आवडला होता. ते मी नाकारत नाही. भार पेलणारा खांब गेला की वरचे झुकायचे, करकरायचे आणि मगच खाली यायचे. ज्याने हा बांधला त्याला भार म्हणजे काय ते कळते, असे मी तेव्हा म्हटले होते. मी सहसा कोणाचे कौतुक करीत नाही. मुलाने ते वाक्य लक्षात ठेवले.

तो आता हैदराबादला नोकरी करतो. मागच्या खेपेस सुट्टीवर आला तो त्या खेळाची नव्याने उजळलेली आवृत्ती घेऊन. रीमास्टर, असे तो म्हणाला. रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर त्याने टीव्हीला यंत्र जोडले आणि रिमोट माझ्या हातात दिला.

उजळलेला होता, यात शंका नाही. धुळीत ऊन दिसत होते. दगडाला कडा आल्या होत्या. ती लाल माती तर आमच्या माळावरून उचलून नेल्यासारखी होती. मी जुन्या सवयीने एका इमारतीच्या छतावर चढलो आणि वरून सुरुवात केली. आमच्या धंद्यात काम वरूनच सुरू होते. दोन घाव घातले आणि छतासकट मी खाली.

“मेला तुमचा गडी,” मुलगा हसून म्हणाला. “अप्पा, मागं बी तुम्ही असंच मरत होता. खालचा खांब मारा की.”

“खालचा खांब मारला तर वरचं हाती काय लागतं?”

“हाती कामून लागायला पाहिजे? पाडायचंय फकस्त.”

मी खालचा खांब मारला. इमारत बसली. मोठा ढीग झाला, आणि मी पाहत असतानाच तो ढीग विरघळू लागला. आधी लहान तुकडे गेले, मग मोठे. जमीन स्वच्छ झाली.

“दगड कुठं गेले?”

“मशीनला भार होतंय म्हणून काढून टाकतंय ते. पहिल्या खेळात बी तसंच होतं, तुमच्या ध्यानात न्हाई.”

माझ्या ध्यानात नव्हते, हे खरे. पण इतकी वर्षे गेली, यंत्रे एवढी ताकदीची झाली, लोकांनी बसून उन्हाची तिरीप सुधारली, धूळ सुधारली, आणि दगड ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही! त्या इमारतींत कोणी राहत नव्हते. चूल नव्हती, देवळी नव्हती, दोरीवर वाळत घातलेले एक धोतर नव्हते. ज्याचे कोणी नाही असे घर पाडायला घण कशाला हवा? मी रिमोट खाली ठेवला.

“आत्याचं घर बी असं एका तासात होतंय बघा,” मुलगा म्हणाला.

“आत्याचं घर उतरवायचंय.”

“व्हय व्हय, उतरवायचंय.” तो पुन्हा हसला. मी तेव्हा ते हसणे म्हणूनच घेतले.

आत्या म्हणजे माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणतो, ती मला तम्मा म्हणते. हुमनाबाद तालुक्यात दुबलगुंडीला तिचे सासर. दाजी गेल्यावर तिची आणि धाकट्या दिराची वाटणी झाली. गावातली जागा दिराला मिळाली, घराचे दगड-लाकूड अक्काला मिळाले. अशी वाटणी आमच्याकडे नवी नाही. दाजींना आमच्या रीतीप्रमाणे शेतात पुरले आहे. त्या समाधीशेजारी एक खोली बांधायची आणि तेथे राहायचे, एवढेच अक्काच्या मनात होते. खोली त्याच दगडांची हवी होती. तो जांभा दाजींनी तरुणपणी स्वतः खाणीवर उभे राहून तासून घेतला होता. दुसरे काही तिने कोणाकडे मागितले नाही. मी होय म्हणालो होतो.

काम आठवडाभर आधीच सुरू झाले होते. घर उतरवण्याची रीत अशी. पहिले टोपले माती घरच्या माणसाने काढायची. अक्काने माळवदावर चढून ते काढले; या वयात शिडी चढली, कोणाचा हात घेतला नाही. मग माझ्या जुन्या गड्यांनी माती, फळ्या, तुळया उतरवल्या. भिंती राहिल्या. भिंतीचा दगड वरच्या थरापासून पहारीने सैल करायचा, हातातून हातात द्यायचा आणि मापाप्रमाणे रचून ठेवायचा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर घट्ट होतो. उभा भार तो पिढ्यान्‌पिढ्या पेलतो. आडवा मार त्याला सोसत नाही. हे माझ्या मुलाला ठाऊक होते. शाळेच्या सुट्ट्यांत तो माझ्या गड्यांच्या ओळीत उभा राहून दगड पुढे देत असे.

गडी मंगळवारी येणार होते. सोमवारी आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. बसवेश्वराला मानणाऱ्या घरांत तो बैलाचा दिवस. गाड्या जाऊन ट्रॅक्टर आले तरी सोमवार राहिला; माझ्या गड्यांनी सोमवारी कधी दगड हलवला नाही आणि मी कधी हलवायला सांगितला नाही. मुलाची सुट्टी मात्र मंगळवारी संपत होती.

सोमवारी सकाळी तो म्हणाला, “आत्याला भेटून येतो, जायच्या आधी.” मी म्हणालो, जा.

दुपारी परत आला तो केसांत लाल धूळ घेऊन. चेहऱ्यावर आनंद होता.

“अप्पा, आता तुम्हाला तिकडं हेलपाटे घालायचं काम न्हाई. झालं.”

“काय झालं?”

“भिंती. हमरस्त्यावरून मशीन बोलावलो. खालनं एक कोपरा घेतला, बाकीचं आपोआप बसलं. तासात सपाट.”

“आज सोमवार आहे.”

“मशीनला काय सोमवार अस्तंय, अप्पा? त्याला काय बैल जुंपल्यात?”

मग मी दगडांचे विचारले.

“हायत की तिथंच, ढीग पडलाय. किल्ल्याचाच दगड हाय तो, त्याला काय होतंय?”

बिदरच्या माणसाची ही जुनी चूक आहे. आम्ही जन्मापासून किल्ला पाहतो. तोफा झेलून लाल दगड उभा आहे, म्हणून त्याला काही होत नाही असे आम्ही धरून चालतो. तोफांचा मारा झेलला तो रुंद तट आणि त्यामागची माती यांनी मिळून. सुटा दगड कधी पडताना कोणी पाहिला नाही.

मी चप्पल घातली. “गाडी काढ,” म्हणालो. वाटेत मन्नाएखेळ्ळीला तो चहासाठी थांबूया म्हणाला. मी पुढे चल अशी खूण केली. तो थांबला नाही.

दुबलगुंडीत घराच्या जागी लाल भुग्याचा ढिगारा होता. वर अर्धे दगड, तुटक्या कडा, दुभंगलेले कोपरे. यंत्र अजून तेथेच उभे होते आणि चालक सावलीत बसून अक्काच्या दिराचा चहा पीत होता. मी त्याला विचारले, भिंत अशी खालून कोणी घ्यायला सांगितली?

“चचा, इनों बोले नीचे से मारो, मैं मारा,” तो माझ्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाला. “मेरेकू क्या मालूम पत्थर होना करके.”

त्याच्यावर मी रागावलो नाही. दगड हवे आहेत हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

दीर मात्र खुशीत होता. जागा त्याची, आणि ती एका तासात मोकळी झाली होती. “पोरगं हुशार हाय तुमचं,” तो मला म्हणाला. मग अक्काकडे वळून, “वैनी, आता टोपलंच आणा. भरून न्यायला सोपं.”

अक्का जोत्यावर बसली होती. तिने दिराकडे पाहिलेही नाही.

“तू होय म्हणालीस?” मी तिला विचारले.

“म्हणले की. तासात होतंय म्हणला, तम्माचे पाय वाचतेत म्हणला. मी म्हणले, व्हय. मला वाटलं, तुझ्याच धंद्यातला लेक हाय, तुला इचारूनच आला आसंल.”

मुलगा पुढे झाला. “आत्या, मी नवे ब्लॉक आणून देतो. सिमेंटचे. एकदम पक्की खोली होतीय, ह्या दगडापेक्षा चांगली.”

“चांगली खोली मागितली व्हती का रे मी?”



मुलाचा हेतू चांगला होता, असे पुढे माझ्या घरातल्यांनी मला अनेकदा सांगितले. माझे गुडघे वाचवायचे होते, हेही खरे असेल. मी ते ऐकून घेतले. हेतू रचून भिंत उभी राहत नाही. ज्याला काही ठाऊक नाही त्याची चूक मी सोडून देतो. धंद्यात तशा पुष्कळ सोडल्या. याला सारे ठाऊक होते. आदल्या दुपारी माझ्या शेजारी बसून जी सोपी गोष्ट त्याने मला हसून सांगितली, तीच सोपी गोष्ट त्याने दुसऱ्या सकाळी एका म्हाताऱ्या बाईच्या घरावर केली. खेळाने त्याला नवे काही शिकवले नाही. हात दुखेपर्यंत शिकलेले विसरायची मोकळीक तेवढी दिली. आणि तो खेळ विकणाऱ्यांनी तीच मोकळीक पुन्हा घासूनपुसून, ऊन-धूळ लावून विकली. याचा मला राग आहे आणि तो कमी करण्याचे मला कारण दिसत नाही.

मंगळवारी गडी आले. मुलगा हैदराबादला गेला नाही. त्याने सुट्टी वाढवून घेतली. मी त्याला राहा म्हणालो नव्हतो आणि जा म्हणालो नाही. गड्यांबरोबर तो ढिगात उतरला. येथे ढीग आपोआप विरघळणार नव्हता. एकेक दगड उचलायचा, उलटून पाहायचा, चीर असली तर टाकायचा. मी खुर्चीवर बसून होतो. तो दगड आणून माझ्यापुढे धरायचा, मी मान हलवायचो. बहुतेक वेळा आडवी.

एकदा तो म्हणाला, “अप्पा, हा तरी चालतंय का बघा. बारीक चीर हाय.”

“तुला काय वाटतं?”

त्याने दगड बोटाने ठोकला, कान लावला आणि भुग्यात टाकला.

जुने गडी माझ्या मुलाची थट्टा करीत होते. “मालक, तुमच्या मशीनला बोलवा की. आज मंगळवार हाय, सुट्टी न्हाई त्याला.” तो हसला नाही. मीही त्यांना थांबवले नाही.

शेवटी जे दगड धड निघाले ते शेतात नेले. पाया झाला, जोते झाले आणि चारही भिंती कमरेपर्यंत आल्या. दगड संपला. भुगा जमिनीत भरला. अक्का आत जाऊन उभी राहिली, भिंतीला हात लावून पाहिला.

“बसले तर माझं घर,” ती म्हणाली. “उभं राहिले तर न्हाई.”

वरचे काम सिमेंटच्या ब्लॉकांनी केले. ते मुलाने आणले, त्यानेच गवंडी लावला. पत्रे चढले, दार बसले. त्या दारातून समाधी समोर दिसते. शेवटच्या दिवशी गवंड्याने विचारले, बाहेरून गिलावा करून देऊ का, म्हणजे एकसारखे दिसेल. मुलगा लगेच म्हणाला, “करा करा, सगळं झाकून टाका.”

“न्हाई,” अक्का म्हणाली. “कुठवर त्येंचं आन्‌ कुठनं तुझं, ते दिसू दे.”

गवंड्याने माझ्याकडे पाहिले. मुलानेही पाहिले. मी एक शब्द बोललो असतो तर अक्काने कदाचित ऐकले असते. धाकटा असलो तरी ती माझे ऐकते.

मी गवंड्याला थापी धुवायला सांगितली.