शेवट जरा लांबलाय

न वाचलेल्या कादंबरीवर मी बायकोला मत दिलं. "छान आहे. शेवट जरा लांबलाय," म्हणालो. त्या खोट्याची किंमत ती एकटीच मोजत राहिली, हे मला यंदा कळलं.

तेव्हा माझी नोकरी लातूरला होती आणि घर नांदेडला. शनिवारी एसटीनं यायचं, सोमवारी पहाटे निघायचं. त्या प्रवासात वाचायची सवय लागली आणि पुढं तिची हाव झाली. वर्षाला पन्नास कादंबऱ्या वाचणार, असं मी वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून टाकलं. पुस्तक संपलं की मुखपृष्ठाचा फोटो स्टेटसला. ऑफिसात शेजारी बसणारा वऱ्हाडी सहकारी म्हणायचा, "साहेब, वाचून राहिले की पानं उलटून राहिले?" मी हसण्यावारी न्यायचो.

त्याच्या आदल्या वर्षी आमची मुलगी जन्मली ती मृतच. बारसं झालं नाही, नाव ठेवलं नाही. दवाखान्यातून आल्यावर मी तो विषय काढला नाही, म्हणून बायकोनंही काढला नाही. मुलीसाठी आवरून ठेवलेल्या मागच्या खोलीच्या दाराशी ती कधी कधी थांबायची, आत काही ऐकू यावं तशी. खिडकी लावली की नाही ते बघत असेल, अशी मी माझी समजूत घालायचो.

एका रविवारी तिनं माझ्या पिशवीत ती कादंबरी ठेवली. "एवढी वाचा. मग बोला माझ्याशी."

डिसेंबर सरत आला होता आणि माझा आकडा मागं पडला होता. लोहा येईपर्यंत सुरुवातीची पानं वाचली. त्यात लग्नघर होतं. अहमदपूर सोडल्यावर शेवटची वाचली. त्यात एक म्हातारी बाई उन्हात बसली होती. लातूरला उतरायच्या आत फोटो स्टेटसला लागला. तो तिनंही पाहिला. शनिवारी तिनं विचारलं, "कशी वाटली?" मी ते उत्तर दिलं. "हौ का," एवढंच म्हणून ती भाकरी थापत राहिली. पुढं तिनं मला कधी पुस्तक दिलं नाही.

यंदा बदली होऊन मी नांदेडला आलो. मागच्या खोलीत कपाट लावताना ती कादंबरी हाती आली. तिथंच बसून सबंध वाचली. मधल्या भागात एका बाईचं मूल जन्मताच जातं. ते घरात वावरतंय असं तिला वाटत राहतं. ती नवऱ्याला एकच मागते, आपण दोघं मिळून त्याला नाव देऊ. नवरा उठून बाहेर जातो. ते वाचताना मला दाराकडं पाठ करून बसवेना.

बायको ओसरीवर ज्वारी निवडत होती.

"ती कादंबरी मी तेव्हा वाचलीच नव्हती," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. "मधलं पण नाही?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही नको म्हणाला नव्हता?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मला वाटलं, वाचून तुम्ही विषय मिटवला," ती म्हणाली. "मग मी एकटीनंच ठेवलं नाव. तुम्ही लातूरला असताना हाक मारायची तिला, दारातनं."

मी तिच्याजवळ खाली बसलो. "माफ कर मला. तू विचारलं होतंस आणि मी ऐकलंच नाही. नाव सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. मीही हाक मारीन."