ह्यांचा डोंगर

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग गच्चीवरची टाकी आतून घासली. मग नळ झाले, सायकल झाली, माझ्या शिलाई मशीनचा पट्टा झाला. नालवाडीतलं आमचं घर काही मोठं नाही, त्यात दुरुस्तीला असं किती निघणार? कामं संपली आणि हे नुसतेच फिरू लागले. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून गच्चीवर. गच्चीच्या कठड्याला हात टेकून उत्तरेकडे बघत उभे राहायचे. तिकडे शेजाऱ्यांच्या काळ्या टाक्या आणि मोबाइलचा टॉवर सोडून काही दिसत नाही. पण हे काय बघतात ते मला कळत होतं.

ह्यांचं गाव हिंगणीच्याही पुढे, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. घरचं वावर माझे दीर बघतात. माझं माहेर सिंदी रेल्वेचं. तालुका एकच, पण आमच्याकडे सगळी काळी सपाट जमीन. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभं राहिलं की नजर थेट रुळापर्यंत जायची. गाडी येताना दिसायची आणि पार बारीक होईपर्यंत जातानाही दिसायची. लग्न होऊन ह्यांच्या गावी आले, तर परसदाराच्या मागे हा डोंगर उभा. साग, ऐन, धावडा, सालई, मोह, तेंदू. कुणी न लावलेली, आपली आपण वाढलेली झाडं. दुपार कलली की सूर्य त्याच्याआड जायचा आणि बाकी गावात ऊन असताना आमच्या अंगणात सावली पडायची. उन्हाळ्यात पानं झडली की तो हाडं निघालेल्या जनावरासारखा दिसायचा. पावसाळ्यात इतका दाट व्हायचा, की आतून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटायचं. सासूबाई मोह वेचायला चल म्हणायच्या. मी काहीतरी निमित्त काढून खालच्या झऱ्याशीच थांबायची. ह्यांना वर्ध्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा त्यांच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला होता.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात हे गावी जाऊ लागले. आधी कधीमधी, नंतर आठवड्यातून दोनदा-तीनदा. सकाळच्या बसने जायचे, अंधार पडता पडता परत यायचे, पायजम्याला कुसळं आणि हातावर ओरखडे घेऊन. गावाने डोंगराच्या एका अंगाला गुरं आणि कुऱ्हाड दोन्ही बंद केली होती. तिथे जुन्या खोडांना फूट आली होती, आणि कुठून कुठून पडलेल्या बियांची रोपं वर निघत होती. हे त्या रोपांभोवती दगडांची आळी रचून येत, म्हणजे चुकून आत शिरलेल्या गुराचा पाय पडायला नको. माझ्या दिरांना ही बंदी फारशी पटलेली नव्हती. बैल चारायला त्यांना लांब न्यावे लागत. भाऊ म्हणून ते ह्यांच्यासमोर काही बोलत नसत, पण माझी जाऊ फोनवर सगळं सांगायची.

घरी आले की हे जेवता जेवता डोंगराचंच बोलायचे. कोणत्या खोडाला किती फुटवे आले, कोणते खुरटले. मी हो हो करायची. माझ्या मनात वेगळंच होतं. आयुष्यभर ह्यांच्या शाळेच्या वेळा सांभाळल्या, आता दोघांनी कुठे कुठे जायचं ते मी योजून ठेवलं होतं. एकदा ऐकता ऐकता माझा तोल गेला. मी म्हटलं, "इथं मन लागत नाई तर तिकडेच राहून जा न."

हे घास तसाच धरून बसले. मग म्हणाले, "तिकडे गेलो का तू इथं एकटी आहे, हे डोक्यात राह्यते. इथं आलो का तिकडचं फिरून राह्यते. मले कुठंच बसवत नाई." आणि उठून गच्चीवर गेले. ताटातलं तसंच राहिलं.

होळीनंतर ह्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी धूळ, धूर, ऊन सगळं टाळायला सांगितलं आणि काळा चष्मा दिला. घराबाहेर पडायचं नाही म्हटल्यावर ह्यांचे हाल सुरू झाले. टीव्ही बघायचा नाही, वाचायचं नाही. दर थोड्या वेळाने मला विचारत, बाहेर वारा आहे का. मी नाही म्हणायची. वारा असला तरी नाही म्हणायची.

अशाच एका दुपारी दिरांचा फोन आला. ह्यांना फोनचा पडदा नीट दिसत नव्हता म्हणून मी स्पीकर लावून दिला. दीर म्हणाले, डोंगराला आग लागली आहे. कुणी लावली, कशी लागली, माहीत नाही. मागच्या अंगाने येऊन राहिली आहे, गावातली माणसं वर गेली आहेत. मग त्यांचा आवाज खाली आला. "तू येऊ नको भाऊ. तुह्या डोळ्याचं पाह्य. फक्त सांगून राह्यलो."

फोन ठेवायच्या आधीच हे पलंगाखाली पायाने चपला शोधू लागले होते. मी दारात आडवी उभी राहिले. डोळा जाईल म्हणून सांगितलं. हे मला बाजूला सारून पुढे गेले नाहीत. नुसते समोर उभे राहिले, काळा चष्मा लावून, एक चप्पल पायात आणि एक हातात. मला दिसलं, मी आत वळले की हा माणूस रस्त्यावर जाऊन मिळेल ती गाडी धरणार.

"चला, मी नेतो," मी म्हटलं. आमच्या घरी बायकाही असंच 'मी येतो, मी जातो' म्हणतात. "पन तुमी अंगनातच बसान. वर मी जाईन."

माझ्या तोंडून निघून गेलं खरं. डोंगरावर मी झऱ्याच्या पुढे कधी गेलेली नव्हते.

मी मोपेड काढली. ह्यांच्या तोंडाला ओला पंचा बांधला आणि मागे बसवलं. सेलू गेलं. हिंगणी मागे पडली तसं हे विचारू लागले, धूर दिसतो का, कोणत्या बाजूला दिसतो. मला दिसत होता. डोंगराच्या खांद्यावर करडा पट्टा पसरला होता. दिसतो, पण थोडा आहे, असं मी सांगितलं.

ह्यांना अंगणातल्या खाटेवर बसवून मी जावेसोबत निघाले. आम्हा बायकांकडे पाण्याच्या कॅन होत्या. चढ उभा होता, आणि पायाखाली सागाची वाळली पानं पापडासारखी मोडत होती. आग म्हणजे मला वाटलं होतं उंच ज्वाळा असतील. तसं नव्हतं. गुडघ्याएवढीही नसलेली एक लांब ओळ, पानापानाने पुढे सरकणारी. तिचा आवाज मात्र मोठा होता, ओसरीवर कुणी सुपाने धान्य पाखडावं तसा, न थांबणारा. वनखात्याचे मजूर पाठीवर मशीन लावून पाला उडवत होते आणि जमिनीचा पट्टा साफ करत होते. गावातली माणसं कडुनिंबाच्या फांद्यांनी आग झोडपत होती. त्यांत माझे दीरही होते. बंदीवर नाराज असलेला माणूस घामाने निथळत सगळ्यांच्या पुढे होता.

आम्ही पाणी दिलं. परत फिरायचं तर वारा वळला आणि आग साफ केलेल्या पट्ट्यावरून उडून इकडच्या अंगाला पडली. जाऊ माझा दंड ओढू लागली. मी खाली पाहिलं. माझ्या पायाशी दगडांचं आळं होतं, आत वीतभर रोप. त्यापलीकडे दुसरं, त्यापलीकडे आणखी. रोज रात्री जेवताना जे मी न ऐकल्यासारखं ऐकत होते, ते सगळं इथे जमिनीवर मांडलेलं होतं. मी पदर खोचला आणि पडलेली एक फांदी उचलली. जाऊ काहीतरी म्हणाली आणि मग तिनेही एक उचलली.

किती वेळ झोडपलं ते सांगता येणार नाही. हात भरून आले, डोळ्यांतून पाणी गळत होतं, भुवया करपल्या. काही आळी वाचली. काहींवरून आग आमच्या देखत गेली. मजूर मशीन घेऊन आले आणि पट्टा पुन्हा झाला, तेव्हा ती तिथेच अडली. वरचा सगळा भाग मात्र जळाला.

उन्हं उतरल्यावर खाली आले. हे खाटेवर नव्हते. अंगणाच्या टोकाला, परसदाराच्या कवाडाला धरून उभे होते. माझ्या अंगाचा वास आला तसे वळले. मला काही झालं का ते आधी विचारलं. मी नाही म्हटलं. मग प्रश्न सुरू झाले. ओढ्याच्या अलीकडे जळालं का पलीकडे? मोठा मोह आहे का? खडकाजवळ एक रोप होतं, त्याची पानं कशी होती, लांबट का गोल? मला झाडांची नावं येत नाहीत. जे पाहिलं ते सांगत गेले. काही सांगणं त्यांना पटे, काही पटलं नाही की पुन्हा विचारत.

"माह्या ध्यानात नाई आता," मी शेवटी म्हटलं. "जेवढं विझवता आलं तेवढं विझवलं."

 ह्यांनी माझा हात चाचपला. तळव्याला फोड आले होते, ते त्यांच्या बोटांना कळले असावेत. जावेला हाक मारून त्यांनी खोबरेल मागितलं आणि चष्म्याआडून अंदाजाने माझ्या हाताला लावत बसले.

डोळा सुदैवाने बरा झाला. डॉक्टरीणबाई रागावल्या, त्या मलाच जास्त. नालवाडीत परत आल्यावर हे काही दिवस शांत होते. झोप माझी उडाली. भांडी घासताना मला तो पाखडल्यासारखा आवाज ऐकू यायचा. जिथे आम्ही कमी पडलो ती जागा डोळ्यांसमोर यायची आणि वाटायचं, फांदी थोडी आधी उचलली असती तर. मी हे ह्यांना सांगितलं नाही. एक दिवस सकाळी मीच म्हटलं, चला, बघून येऊ.

वैशाखातलं ऊन होतं. वरचा भाग काळा पडला होता, पाऊल टाकलं की राख उडायची. पण जळालेल्या सागाच्या बुडाशी तांबूस कोंब निघाले होते, पाऊस यायला अजून अवकाश असताना. वाचलेल्या आळ्यांपैकी काहींतली रोपं उन्हाने वाळली होती. हे प्रत्येकापाशी वाकत होते आणि मी त्यांच्या मागे उभी राहून नावं विचारत होते. दीर आमच्यासोबत वर आले होते. बंदी चालू ठेवायला त्यांची आता हरकत नव्हती, पण बैलांना कुठे न्यायचं ते कुणीतरी सांगा, एवढंच ते म्हणाले. तो प्रश्न अजून तसाच आहे. 

आता आम्ही दिरांच्या घराला लागून टिनाची एक खोली काढली आहे. काही दिवस तिथे, काही दिवस इथे. तिथे राहिलं की मला चार वाजताच अंधारून आल्यासारखं होतं आणि सपाट रान आठवतं. इथे आलं की डोंगरावर कोरडा वारा सुटला असेल, असं वाटून मी उठून गच्चीवर जाते. काल हे म्हणाले, कायमचं तिकडेच जाऊ का? मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पिठाचे डबे अर्धे तिकडे आहेत, अर्धे इकडे, आणि हवा तो डबा नेहमी दुसऱ्या घरी असतो.