हेडलाइटवरची हळद

श्रीकृष्ण पोतनीस यांनी सारी हयात शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि उरलेला वेळ बडोद्याच्या वाडी भागातल्या लोकांना श्रद्धेपासून परावृत्त करण्यात घालवला. दोन्ही कामांत सारखंच यश आलं. पणजोबा संस्थानच्या खजिन्यात होते. तेव्हापासून घराण्याला पुरावा मागायची सवय आहे, असं सर सांगत. पोळात, म्हणजे त्यांच्या गल्लीत, कोणाच्या नव्या स्कूटरपुढे नारळ फुटायला लागला की सर खिडकीत येत. लोक नारळ हातात धरून त्यांचं बोलणं ऐकून घेत आणि ते आत गेले की फोडत.

पत्नी गेल्यापासून घरात तिघं: सर, त्यांची मोठी बहीण उल्काताई आणि मुलगी इरा. इराला हालोलच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि जाण्यायेण्यासाठी तिने गाडी घेतली. गाडी आली त्या दिवशी उल्काताई हळदीकुंकवाचं तबक घेऊनच उभ्या होत्या.

“ताई, ते आत ने,” सर म्हणाले. “यंत्र आहे ते. त्याला सर्व्हिसिंग लागतं, ओवाळणं नाही.”

“नुसतं बोट टेकवते रे.”

“अजिबात नाही. मी उद्या पोळात कोणत्या तोंडाने बोलू?”

तबक आत गेलं.

हेडलाइटना पारदर्शक फिल्म लावायची कल्पना मात्र सरांचीच. हायवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडे उडतात. आपण ज्याला काच म्हणतो ते असतं प्लॅस्टिक, ते उन्हाने पिवळं पडतं. फिल्म दोन्ही अडवते. म्हणजे कवचच, डोळ्यांना न दिसणारं. पण प्रयोगाने सिद्ध झालेलं. तरसालीतल्या एका दुकानात वेळ ठरली.

आदल्या संध्याकाळी इरा पहिल्यांदाच हालोलहून अंधारात परत आली. ती येईपर्यंत सर वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होते. सकाळी ते दूध आणायला म्हणून निघाले आणि पोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीपाशी थांबले. इकडेतिकडे पाहून त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि दोन्ही हेडलाइटना हळदीचं बोट लावलं. कुंकू मुद्दाम घेतलं नव्हतं. लाल लगेच दिसलं असतं. मग त्यांनी हात जोडले, की नुसते झटकले, हे त्यांनी स्वतःशीही ठरवलं नाही. दिवे रुमालाने पुसले. थोडी पूड दिवा आणि बॉनेटमधल्या फटीत गेली, ती काही त्यांना दिसली नाही.

“पूजा-बूजा थई गई ने, साहेब?” दुकानाचे मालक प्रतापसिंहभाई यांनी विचारलं. “कुंकू-तांदूळ काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा. फिल्मखाली गेलं की संपलं.”

“आमच्या घरी हे प्रकार होत नाहीत,” सर म्हणाले, बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात.

कुणाल नावाच्या कारागिराने दिवे पुसले, साबणाचं पाणी मारलं, फिल्म ताणून बसवली आणि रबरी पट्टीने पाणी बाहेर सारलं. काम सुरेख झालं.

दोन-तीन दिवसांनी फिल्मखाली काठापासून आत लाल ओघळ दिसू लागले.

“बाबा, गाडीचे डोळे आले की काय?” इराने विचारलं. “हे आहे तरी काय?”

हे काय आहे ते बडोद्यात एका माणसाला नक्की ठाऊक होतं. साबणाच्या पाण्याने हळद लाल होते, हा प्रयोग सर दरवर्षी मुलांना करून दाखवत आणि मुलं दरवर्षी टाळ्या वाजवत.

“बघायला हवं,” सर म्हणाले.

दोघं दुकानात गेले. प्रतापसिंहभाईंनी वाकून दिवे पाहिले आणि कुणालला हाक मारली.

“मावा खाऊन काम करतोस? थुंकी उडवलीस ना?”

“शेठ, मावा सोडून वर्ष झालं.”

“मग हे लाल आभाळातून पडलं? तोंड उघड.”

कुणाल पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप. त्याने गिऱ्हाइकांसमोर तोंड उघडलं. दात जुन्या सवयीने लाल झालेले होते ते तसेच होते.

“जुओ साहेब, बघा हे दात,” प्रतापसिंहभाई म्हणाले आणि कुणालकडे वळले. “उद्यापासून येऊ नकोस रे.”

कुणालने सरांकडे पाहिलं. सर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर एकटेच रिक्षाने तरसालीला गेले. ‘हळद मी लावली’ एवढं वाक्य होतं. वाटेत त्यांनी ते अनेकदा म्हणून पाहिलं.

“हळद आहे ती,” ते मालकांना म्हणाले. “साबणाने लाल झाली. कुणालचा काही दोष नाही.”

“पण तुमच्याकडे तर हे होत नाही ना? लावली कोणी?”

बाकावरच्या लोकांनी माना वर केल्या.

“माझ्या बहिणीने,” सर म्हणाले. “जुन्या वळणाची आहे.”

प्रतापसिंहभाई खळखळून हसले. त्यांनी कुणालला बोलावून घेतलं आणि हे सगळं सांगून फिल्म बदलून देतो म्हणून इरालाही फोन केला. कुणाल आला तो सरांच्या पाया पडायला वाकला. “साहेब, माझ्यासाठी एवढ्या लांब आलात!” सरांनी पाय मागे घेतले.

घरी पोचले तेव्हा इरा बोलतच होती. “आत्या, बाबा नको म्हणाले होते ना? तुझ्यामुळे त्या माणसाला चारचौघांत तोंड उघडून दाखवावं लागलं!”

उल्काताई मेथी निवडत होत्या. त्यांनी इराकडे पाहिलं. मग दारात चपला काढणाऱ्या भावाकडे पाहिलं. त्या काढायला त्याला फार वेळ लागत होता.

“चुकलंच गं माझं,” त्या म्हणाल्या. “राहवलं नाही.”

इरा पाय आपटत आत गेली.

“स्वयंपाकातली घेतलीस की देवाची?” उल्काताईंनी हळू आवाजात विचारलं.

“स्वयंपाकातली.”

“काही म्हणालास लावताना?”

“सांभाळ, म्हणालो.”

“कोणाला?”

सर खरं काय ते सांगायला इराच्या खोलीकडे वळले.

“आता जाऊ नकोस,” उल्काताई म्हणाल्या. “तिची बोलणी खायची मला सवय आहे. तुला नाही.”

सर थांबले. थांबायला नको होतं हे त्यांना कळत होतं. उल्काताईंनी मेथीची दुसरी जुडी त्यांच्याकडे सरकवली, आणि ते खाली बसून, मान वर न करता, पानं खुडू लागले.