डोमाजी आणि गोठ्याचे चार पंखे

डोमाजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी गोठ्यातल्या गाईंची ढेप मोजत होतो. दुपारचे तीन वाजले असतील. पोलाद कारखान्याच्या वसाहतीतला, सेक्टर दोनमधला त्यांचा शेजारी सायकलवरून आला, सायकल तशीच भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "डोमाजी गेले." मी विचारलं, "कुठं?" त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग मला कळलं. कळल्यावरही मी उरलेली ढेप मोजून घेतली, टोपल्या गवळ्याच्या ताब्यात दिल्या, हात धुतले आणि निघालो. सकाळपाळीला छातीत दुखायला लागलं म्हणून ते कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या भट्टीवरून घरी आले होते. पाणी मागितलं, अर्धा गिलास प्याले आणि पलंगावर आडवे झाले, एवढंच. मी त्यांच्या पायाशी उभा राहिलो. माणसं रडत होती. मला रडू आलं नाही. आज पाच आठवडे झाले, अजून आलेलं नाही.

आम्ही दोघं भंडाऱ्याकडचे, शेजारशेजारच्या गावांचे. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. कारखान्याच्या जागी नुसती लाल माती आणि खांब होते तेव्हा ते वायरमन म्हणून इकडे आले आणि कारखान्याबरोबर वाढले. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, तर त्यांनी कार्ड टाकून मला बोलावून घेतलं आणि वसाहतीला दूध पुरवणाऱ्या एका डेअरीत गोठ्यावर देखरेखीला लावून दिलं. वसाहतीच्या बाहेर, अहिवाऱ्याच्या रस्त्याकडे, सिमेंटच्या पत्र्यांचा लांबलचक गोठा होता. साठेक जनावरं. त्यात काही बाहेरून आणलेल्या जातिवंत गाई, दुधाला भरपूर पण उन्हाला अगदी नाजूक. पहिल्याच उन्हाळ्यात त्या जीभ बाहेर काढून धापा टाकू लागल्या आणि दूध निम्म्यावर आलं. डेअरीच्या साहेबांनी ठरवलं की ऑफिसात असतात तसे छताचे पंखे लावायचे. डोमाजी त्या दिवशी सुटीचे सहज मला भेटायला आले होते. ते काही न बोलता गोठ्यात शिरले आणि शेवटच्या गाईजवळ चक्क उकिडवे बसले, तिच्या नाकाच्या उंचीला नाक आणून. बराच वेळ बसले. उठले तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं.

"महादेव, इथं बसून पाह्य," ते मला म्हणाले, "तू उभा राहून वास घेऊन राहिला. गाय काय उभ्या माणसावानी श्वास घेते का?" मी बसलो. मुताचा उग्र वास नाकाडोळ्यांत घुसला. "छताचा पंखा हीच खराब हवा घुसळत राहीन. हवा बाहेर फेकाची आहे, घुसळाची नाई."

साहेबांना त्यांनी हे हिंदीत समजावून सांगितलं, आणि नवल म्हणजे साहेबांनी ऐकलं. पंखे निवडायलाही त्यांनाच नेलं. पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारात दुकानदार लहान, भन्नाट फिरणारे पंखे दाखवत होता. डोमाजींनी मोठ्या पात्यांचे, संथ फिरणारे मागितले. मोठं पातं सावकाश फिरलं तरी हवा जास्त ओढतं आणि जनावर आवाजाला बुजत नाही, असं त्यांचं म्हणणं. मोटर मात्र चारी बाजूंनी बंदच हवी, हा त्यांचा हट्ट. गोठ्यातली वाफ तांबं खाते, उघडी मोटर दोन पावसाळे काढणार नाही, असं ते म्हणाले. चार पंखे पूर्वेच्या भिंतीत बसवले, कारण उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि वाऱ्याच्या तोंडावर हवा फेकण्यात अर्थ नसतो. पश्चिमेच्या भिंतीच्या खिडक्या उघड्या ठेवून त्यांवर ओली गोणपाटं टांगली. आणि बाजूच्या, पंख्यांजवळच्या खिडक्या बंद. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. "जवळची खिडकी उघडली का पंखा तिथूनच हवा घेते. मंग त्या टोकाच्या गाईले काईच भेटत नाई." पहिल्या दिवशी त्यांनी पश्चिमेकडे गोवरी पेटवून धूर केला. धूर साऱ्या गोठ्यातून पाण्यासारखा वाहत येऊन पंख्यांतून बाहेर गेला. डोमाजी लहान मुलासारखे हसले. मी त्यांना तसं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं.

दर रविवारी ते येत. गोठ्यातल्या कुटाराचा, म्हणजे बारीक वैरणीचा, भुसा वाफेनं ओला होऊन पात्यांवर थापला जातो. तो ते ओल्या फडक्यानं पुसत, जाळी झाडत, पट्टा अंगठ्यानं दाबून पाहत, बेअरिंगला ग्रीस देत, तेही मोजकंच. जनावरांत त्यांचा जीव रमायचा. शेती सुटली होती, ढोरं सुटली होती, आणि दिवसभर कोक ओव्हनच्या धगीत काम. साहेबांनी त्यांना डेअरीत कायमचा वायरमन म्हणून मागून घ्यायचं ठरवलं. कागद तयार झाला. फक्त सही व्हायची होती.

तो त्याच उन्हाळ्यातला मे महिना होता. माझ्या नोकरीला वर्षही झालं नव्हतं, घरी मुलगी झालेली. माझं टेबल पूर्वेच्या टोकाला, पंख्यांच्या खालीच होतं. त्या दुपारी वारा पडला होता, अंगाला शर्ट चिकटत होता. मी उठून माझ्याजवळच्या बाजूच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. बरं वाटलं... म्हणून तशाच ठेवल्या. हिशेब लिहीत बसलो. चारच्या सुमारास गवळी ओरडत आला. पश्चिमेच्या टोकाच्या दोन गाई पडल्या होत्या, तिसरी पाय ताणत होती. मी धावलो, पाणी ओतलं. काही झालं नाही. तीन गाई गेल्या, त्यांतली एक गाभण. साहेबांची गाडी फाटकात वाजली तेव्हा मला खिडक्या आठवल्या. मी पळत जाऊन त्या लावून घेतल्या.

डोमाजींना ड्यूटीवरून बोलावून आणलं. त्यांनी चारी पंखे पाहिले, चारही नीट चालत होते. मग ते माझ्या टेबलाजवळ आले आणि थांबले. घाईघाईत लावलेल्या खिडकीच्या फटीत माझा गमछा अडकला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. त्यांनी खिडकी उघडली, गमछा काढला, घडी करून माझ्या खांद्यावर ठेवला. साहेब मागून आले आणि विचारलं, "क्या हुआ था?" डोमाजी म्हणाले, "पंखों की पत्तियों की सफाई रह गई थी, साहब. हवा कम खींच रहे थे. गलती मेरी है."

पाती आरशासारखी स्वच्छ होती. आदल्या रविवारीच त्यांनी माझ्यासमोर पुसली होती. पण साहेब शिडी चढून पाहणार थोडेच... मी बोललो नाही. खांद्यावर गमछा घेऊन उभा राहिलो.

फाटकाशी त्यांना गाठलं तेव्हा मी एवढंच विचारू शकलो, "दादा, तुमी कावून अंगावर घेतलं?"

"तू कच्चा आहे. तुले उद्या काढून टाकतीन," सायकलवर बसत ते म्हणाले. "माही नोकरी पलांटात आहे, मले कोन काढते? जाऊ दे. खिडक्या लावत जाजो."

डेअरीचा कागद फाडला गेला. डोमाजींना गोठ्यात पाऊल ठेवायची बंदी झाली. ते कोक ओव्हनवरच राहिले, पुढची चार वर्षं, शेवटच्या सकाळपर्यंत. रविवारी मात्र ते येत. कुंपणाबाहेर सायकल उभी करून, मान तिरपी करून पंखे ऐकत आणि मला हाक मारून सांगत, "तिसऱ्याचा पट्टा सैल झाला." मी आत जाऊन पाहायचो, तर खरंच सैल असायचा. पंख्यांचं सगळं काम मी असं कुंपणाच्या तारेवरून शिकलो. खिडक्यांचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही. दर रविवारी वाटायचं, आज बोलू. मग पट्ट्याचं बोलणं व्हायचं, ग्रीसचं व्हायचं, आणि ते जायचे.

गेल्या आठवड्यात मी डोमाजींच्या घरी वहिनींकडे गेलो. संध्याकाळ होत आली होती. त्यांनी चहा ठेवला, पुढ्यात बसल्या. मी सगळं सांगितलं, उघडलेल्या खिडक्या, गमछा, पाती. मला वाटलं होतं त्यांना माहीत असेल. नवरा बायकोला एवढं तरी सांगतोच, असं मी चार वर्षं धरून चाललो होतो.

त्यांना काही माहीत नव्हतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मी त्यायले म्हटलं होतं, गाय मारली तुमी. एक नाई, तीन, आन् एक गाभण." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "रोज सांजेले देवाजवळ दिवा तेच लावत. मी त्यायच्या हातून काडीपेटी घेतली. म्हटलं, या हातानं आता दिवा नोको. त्यायनं देली. काई बोलले नाई. मंग चार वर्षं दिवा मी लावला, ते दारात उभे राहून हात जोडत होते..."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"डेअरीत गेले असते तं..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"वहिनी, माफ..." मी सुरू केलं.

"मले नोका सांगू. तवा तुमी साऱ्या लोकायसमोर चूप राहिले ना? मंग लोकायले सांगा. नाव लावून सांगा."

म्हणून हा लेख. डोमाजींची पाती स्वच्छ होती. खिडक्या मी उघडल्या होत्या, आणि मीच लावल्या होत्या.

वहिनी एवढं बोलल्यावर आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. बाहेर सेक्टरातले दिवे लागले, शेजारच्या घरातून उदबत्तीचा वास आला. कोनाड्यातल्या देवांसमोर समई होती, तेल होतं, वात घातलेली होती, शेजारी काडीपेटी होती. वहिनी उठल्या नाहीत. अंधार झाला तरी उठल्या नाहीत. त्या संध्याकाळी त्या घरात दिवा लागला नाही.